अब्बांची पाटी

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. बोलायला दखनी, लिहायला मराठी. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, तेही मराठीतून. कुरआन अरबीत वाचायचे, पण उर्दू लिहिणं त्यांना कधी जमलं नाही. दुकानातली मापाची वही मराठीत, उधारीची वही मराठीत, माझ्या लग्नातली आहेराची यादीसुद्धा मराठीत. आमच्याशी मात्र आयुष्यभर दखनीतच बोलले. त्यामुळे जिभेच्या कॅन्सरने त्यांचं बोलणं बंद झालं आणि आम्ही त्यांच्या हातात पाटी दिली, तेव्हा एक गंमतच झाली. अब्बा आमच्याशी मराठीत बोलू लागले. आम्ही विचारायचो, "अब्बा, क्या होना?" आणि पाटीवर उत्तर यायचं, "उशी जरा वर कर." अम्माला मराठी वाचता येत नाही. नवरा-बायकोच्या बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मध्ये दुभाषी लागला. ते काम माझ्याकडे आलं.

अब्बा टेलर होते. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागं आठ बाय दहाचं दुकान. बिडी ओढायचे नाहीत, कारण ठिणगी कापडावर पडली तर गिऱ्हाइकाचं नुकसान. पण दोन्ही हात मशीनवर अडकलेले असताना तोंडाला काहीतरी हवं, म्हणून तंबाखू-चुना. चाळीस वर्षं डाव्या गालात. २०२१ च्या पावसाळ्यात जिभेच्या कडेला फोड आला. दाताला घासतंय म्हणून आधी दात काढला. फोड राहिलाच. पुढं तपासणी, अर्धी जीभ आणि मानेतल्या गाठी काढण्याचं ऑपरेशन, मग तीस शेक. ऑपरेशन योजनेत बसलं. वर्षभर अब्बा बोबडं बोलत का होईना, दुकानात बसले. २०२२ च्या दिवाळीनंतर मानेत पुन्हा गाठ आली. आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळ्या दोन महिने दिल्या, गाठ वाढतच राहिली. तोंड उघडेना, गिळता येईना, नाकातून नळी घालावी लागली.

जानेवारी २०२३ मध्ये डॉक्टरांनी भाईला आणि मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आता घरी न्या. जेवढी सेवा होईल तेवढी करा."

हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांनी ऐकलं असेल. सांगणाऱ्याच्या आवाजात वाईटपणा नसतो. पण सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. नळी तुंबली तर काय करायचं? जखमेला वास आला तर? रात्री दोन वाजता माणूस दुखण्यानं भिंतीवर डोकं आपटायला लागला तर? आपल्याकडं सेवा ही मनात असली की आपोआप हातात येते, असा समज आहे. ती शिकावी लागते. शिवण शिकतात तशी, माप चुकवत, उसवत.

घरी आल्यावर पहिला प्रश्न होता अब्बांना सांगायचं की नाही. भाईचं मत होतं, सांगायचं नाही. तो पुण्यात कंपनीत आहे. कुणीतरी त्याला एका मोठ्या दवाखान्यातल्या महागड्या इंजेक्शनबद्दल सांगितलं होतं. दर तीन आठवड्यांनी एक, आणि एकेक डोस लाखाच्या घरात. त्याच्या डोक्यात होतं, घरामागचा दोन गुंठ्यांचा प्लॉट विकायचा. "अब्बा हैं तो सब है," एवढंच तो म्हणायचा. त्याला दोष देणारी मी कोण? मुलगा म्हणून त्याच्यावर जे ओझं होतं, ते माझ्यावर नव्हतं. उद्या लोक म्हणाले असते, पोरानं बापावर खर्च केला नाही. मुलीला असं कुणी म्हणत नाही.

प्रश्न अब्बांनीच सोडवला. एका दुपारी भाई समोर बसला असताना त्यांनी पाटीवर लिहिलं, "मला सांगा. किती दिवस?"

भाई म्हणाला, "कुछ नहीं अब्बा, अच्छे होते तुम." अब्बांनी ते ओलं फडकं घेऊन पुसून टाकलं, म्हणजे आपणच लिहिलेलं वाक्य पुसलं, आणि तेच पुन्हा लिहून पाटी माझ्याकडं वळवली.

मी सांगितलं. दखनीतच सांगितलं. बीमारी वापस आली आहे, आता ती जाणार नाही. दिवस डॉक्टरांनाही सांगता येत नाहीत, पण वर्ष नाही, महिने आहेत. दुखू देणार नाही, एवढं आम्ही बघू. भाई उठून बाहेर गेला. अब्बा बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं, "वही आण."

उधारीची वही आणली. पुढचे तीन दिवस ते काम चाललं. शाळेतल्या एका मास्तरांचं सफारीचं कापड न शिवता पडून होतं, ते परत. सोनार गल्लीतल्या एका काकांच्या दोन पँटी कापून ठेवलेल्या, त्या अब्बांच्या हाताखालच्या पोरानं शिवून द्यायच्या, शिलाई घ्यायची नाही. बटण-धागेवाल्याचे चार हजार देणं. तीन गिऱ्हाइकांकडून येणं होतं, त्यांच्या नावांवर आडवी रेघ मारली आणि पुढं लिहिलं, "माफ." प्लॉट विकायचा नाही, अम्माला छप्पर आणि दारात जागा पाहिजे. शिलाई मशीन हाताखालच्या पोराला. तो आमचा वारस नाही, हिंदू आहे, त्यामुळे ते वसीयतीत घालता येतं; आपल्याकडं वसीयत एक तृतीयांशापुरती आणि वारसाबाहेरच्याला करता येते, हे अब्बांना माहीत होतं. नऊ वर्षं घराच्या वाटणीवरून अबोला धरलेल्या चाचांना निरोप पाठवायला सांगितलं. चाचा आले, पायाशी बसून रडले. अब्बांनी पाटीवर काही लिहिलं नाही, त्यांचा हात धरून ठेवला.

अब्बांना खोटं सांगितलं असतं तर हे सगळं राहून गेलं असतं. मास्तरांचं सफारीचं कापड आजही आमच्या कपाटात असतं आणि ते कुणाचं, हे आम्हाला कळलं नसतं.

आता दुखण्याबद्दल. माझ्या मते या सगळ्या विषयातलं हेच सर्वांत महत्त्वाचं आहे आणि आपल्या समाजात याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं.

मानेतली गाठ फुटली तेव्हापासून अब्बांची झोप गेली. साध्या गोळ्या, मग त्याहून जोराच्या गोळ्या, काही उपयोग होईना. सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या कॅन्सर रुग्णालयात पूर्वी दाखवलं होतं, तिथं पॅलिएटिव्ह विभागात एक डॉक्टर बाई बसतात, असं कळलं. पॅलिएटिव्हला मराठीत परिहार सेवा, उपशामक सेवा असे शब्द आहेत. आमच्या मोहल्ल्यात ते कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. आम्ही गाडी करून अब्बांना नेलं. बाईंनी अब्बांनाच विचारलं, आम्हाला नाही. शून्य ते दहापैकी दुखणं किती? अब्बांनी पाटीवर ९ लिहिलं, मग पुसून १० केलं.

बाईंनी मॉर्फिन लिहून दिलं. दहा मिलिग्रॅमची गोळी, बारीक करून पाण्यात कालवून नळीतून, दर चार तासांनी. दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ बघून. रात्री दहाला दुप्पट मात्रा, म्हणजे दोन वाजता उठवायला नको. मध्येच कळ आली तर एक जादा डोस. आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध, ते चुकवायचंच नाही, कारण मॉर्फिननं शौचाला हमखास खडा होतो. आणखी एक ताकीद दिली. बारा तास पुरणाऱ्या मॉर्फिनच्या वेगळ्या गोळ्या येतात, त्या कधीही कुटून नळीत घालायच्या नाहीत.

अफूपासून केलेलं औषध, हे अब्बांना कुणीतरी सांगितलं. झालं. पाटीवर मोठ्या अक्षरात: "नशा नको."

अम्माचाही तोच प्रश्न. आयुष्यभर ज्या माणसानं दारूच्या दुकानासमोरून जाताना रस्ता बदलला, त्यानं जाताना अफू घ्यायची? मी बाईंनी सांगितलेलं समजावलं. दुखण्यासाठी योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनची लत लागत नाही, त्यानं मरण जवळही येत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, ती बरीचशी साठलेली झोप असते. पण अब्बांना डॉक्टरचं नाही, मौलानांचं म्हणणं ऐकायचं होतं. मी इमामसाहेबांना घरी बोलावलं.

इमामसाहेब तरुण आहेत, बीडकडचे. त्यांनी फतव्याची भाषा वापरली नाही. त्यांनी अब्बांना एकच विचारलं, "चाचा, नमाज में क्या होता आजकल?" अब्बांनी लिहिलं आणि मी वाचून दाखवलं: "नियत करतो. मग दुखण्याशिवाय काही आठवत नाही. रकात विसरतो." इमामसाहेब म्हणाले, मग हे औषध तुम्हाला नमाजपासून तोडत नाही, नमाजकडं आणतंय. मजेसाठी घेतलेली वस्तू वेगळी आणि दुसरा उपाय उरलेला नसताना हकीमानं मोजून दिलेली दवा वेगळी. गरजेचा कायदा शरियतमध्ये आहेच. अब्बांनी विचार केला. पाटीवर लिहिलं, "कमी द्या. शुद्ध पाहिजे." मग कमीपासूनच सुरू केलं. चौथ्या दिवशी दुखणं तीनवर आलं. सहाव्या दिवशी अब्बांनी आरसा मागितला आणि भाईकडून दाढी नीट करून घेतली.

हे औषध इतकं दुर्मीळ का, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याच देशात मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्यानं अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. तरीही गावखेड्यातला कॅन्सरचा माणूस किंचाळत मरतो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन ठेवणं एवढं अवघड करून ठेवलं, की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. एका औषधाला चार-पाच परवाने, एकाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याचा पत्ता नाही. २०१४ मध्ये संसदेनं कायद्यात दुरुस्ती केली, आता मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला एकाच परवान्यावर ते देता येतं. ज्यांच्या पाठपुराव्यानं हे झालं त्यांत केरळचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल हे मोठं नाव. पण कायदा बदलला म्हणून औषध पोचलं असं होत नाही. आमच्या तालुक्यातल्या एकाही मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती. भाई दर पंधरा दिवसांनी जाऊन आणायचा, येताना पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात. इंजेक्शन आणि प्लॉट हा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, पण मनातून गेला होता असंही नाही. मॉर्फिन म्हणजे हार मानणं, असं त्याला वाटायचं. घड्याळाचा अलार्म मात्र त्याच्याच मोबाइलवर लावलेला होता. सहा, दहा, दोन, सहा, दहा. पुण्याला असला की अलार्म वाजला की फोन करायचा, "दी क्या गोली?"

भेटायला लोक यायचे. आपल्याकडं आजाऱ्याला भेटणं सवाबाचं काम, आणि ते खरंच आहे. पण काही लोक सवाब घेऊन जातात आणि त्रास ठेवून जातात. पलंगाशेजारी बसून "सब्र करो भाई, गुनाह झड रहे" असं सांगणारे तर रोज. एकदा एका लांबच्या नातेवाइकानं हजरत अय्यूब यांच्या सब्रची कथा सांगायला घेतली. किती वर्षं आजार, तरी तक्रार नाही. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, "गुनाह झडले असतील. आता दोनची गोळी द्या." मी हसू दाबत नळी हातात घेतली. खरं तर अय्यूब अलैहिस्सलाम यांनीही आपलं दुखणं अल्लाहपुढं मांडलं होतं. पैगंबरांच्या डोळ्यांतही आपल्या तान्ह्या इब्राहीमच्या मौतीला पाणी आलं होतं. सब्र म्हणजे दातओठ खाऊन गप्प बसणं, हा अर्थ आपण कुठून आणला कोण जाणे. आणि तो नेहमी दुसऱ्याच्या दुखण्याला लावतो.

सेवेतली बाकीची कारागिरी थोडक्यात सांगते, कुणाच्या उपयोगी पडली तर पडली. नळीतून अन्न देताना माणसाला उशा लावून अर्धवट बसवायचं आणि नंतरही अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर फुफ्फुसात जातं. दर वेळी शेवटी साधं पाणी सोडायचं, म्हणजे नळी तुंबत नाही. उघड्या जखमेला जो वास येतो, त्यानं घरातली माणसं खोलीत यायला कचरतात, आणि आजाऱ्याला ते कळतं. हा वास जखमेतल्या जंतूंचा असतो. मेट्रोनिडॅझोल नावाच्या जुलाबावरच्या साध्या गोळ्या कुटून ती पूड ड्रेसिंगच्या वेळी भुरभुरायची. मीठ घालून उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धुवायची. चार दिवसांत वास इतका कमी झाला, की माझी सात वर्षांची पोरगी पुन्हा नानाच्या पलंगावर चढून बसायला लागली. अब्बांनी त्या दिवशी अत्तराची कुपी मागितली आणि दोघांच्याही मनगटाला लावली.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, दरवाजा लावून, फक्त मला. मानेतली मोठी रक्तवाहिनी जवळ आहे. ती फुटू शकते. तसं झालं तर धावपळ करायची नाही, जवळ बसायचं. आणि आधीपासून गडद रंगाची चादर, टॉवेल हाताशी ठेवायचे, म्हणजे रक्त अंगावर येत नाही, आजारी माणूसही घाबरत नाही. मी दुकानातून गडद मरून रंगाचं कापड आणून चार घड्या करून पलंगाखाली ठेवलं. अब्बांनी ते पाहिलं. टेलर माणूस, कापड पाहिल्यावर हातात घेणारच. बोटांत चुरगाळून बघितलं आणि पाटीवर लिहिलं, "टेरीकॉट आहे. पाणी शोषणार नाही. सुती घे." कशासाठी आहे ते त्यांनी विचारलं नाही. मी सुती आणलं. ते शेवटपर्यंत लागलं नाही.

नमाजचं काय? जखमेतून पाणी सतत झिरपतं, वजू टिकत नाही, असं अब्बांना वाटायचं आणि ते अस्वस्थ व्हायचे. ज्याची जखम वाहती आहे तो माजूर, त्याला एका नमाजच्या वक्तासाठी एक वजू पुरे, मध्ये कितीही वाहिलं तरी. पाणी झेपत नसेल तर तयम्मुम. बसता येत नसेल तर पडून इशाऱ्यानं. या सवलती किताबांत शतकानुशतकं लिहिलेल्या आहेत आणि नेमक्या गरजेच्या वेळी कुणी सांगत नाही. आम्ही मातीची एक कच्ची वीट पलंगाजवळ ठेवली. मार्चअखेरीला रमजान लागला. अब्बांचा सातव्या वर्षीपासून एकही रोजा चुकला नव्हता. त्यांच्या तीस रोजांचा फिदया अम्मानं आधीच काढून ठेवला, पण पहिल्या सहरीला अब्बा जागे होते आणि नळीतून पाणी घ्यायला तयार नव्हते. अम्मा म्हणाली, "अल्लाह ने माफ किया, तुम कौन होते नक्को बोलनेवाले?" बेचाळीस वर्षांत तिला इतक्या जोरात बोलताना मी पाहिलं नव्हतं. यासाठी दुभाषी लागला नाही.

ईदच्या दिवशी, २२ एप्रिलला, पाटीवर एकच शब्द होता. शीरखुर्मा. अम्मानं दूध, खजूर, बदाम वाटून, दोनदा गाळून पातळ केलं. नळीतून जाणाऱ्या गोष्टीला चव नसते. तिनं वाटी आधी त्यांच्या नाकाजवळ धरली, बराच वेळ. मग नळीत सोडलं.

आमच्या मशिदीच्या पडवीत मय्यतीला गुसल द्यायचा तख्ता असतो, जनाजाचा डोला असतो. प्रत्येक मोहल्ल्यात असतो. कुणाचंही घर कितीही गरीब असो, मेलेल्या माणसासाठी जमात अर्ध्या तासात सगळं उभं करते, आणि याचा मला अभिमान आहे. त्याच पडवीत पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लागणारी एक हवेची गादी का असू नये? एक चाकाची खुर्ची, एक कफ ओढायचं मशीन? आम्ही गादी भाड्यानं आणली, पुढच्या गल्लीतल्या विडी कामगार बाईला तेही झेपलं नसतं. हे स्वप्नरंजन नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात राजगोपाल आणि सुरेश कुमार या डॉक्टरांनी एक छोटी संस्था सुरू केली. तिथून हे काम मलप्पुरमसारख्या मुस्लिमबहुल जिल्ह्यात गल्लीगल्लीत पसरलं. दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी आठवड्याचे दोन तास देतात, थोडी वर्गणी देतात, प्रशिक्षण घेतात, नर्सबरोबर घरोघर जातात. धर्म विचारत नाहीत. २००८ मध्ये केरळ सरकारनं त्यासाठी धोरण केलं. आपल्याकडंही मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून असं काम करतात. पण लातूरच्या तालुक्यातून वारजे लांब आहे. मी हे इमामसाहेबांशी बोलले आहे. गादीपासून सुरुवात करू म्हणालेत.

मेच्या पहिल्या आठवड्यात अब्बांनी एक प्रश्न लिहिला. तो बहुतेक त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून असावा. "जीभ नाही. कलमा कसा?"

मला काही बोलता आलं नाही. इमामसाहेबांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, चाचा, जीभ ज्यानं दिली त्यानंच घेतली, त्याला माहीत आहे. दिल में पढो, और हो सका तो उंगली. अत्तहियातला उचलतो ती उंगली. अब्बांनी तिथल्या तिथं उजव्या हाताचं बोट उचलून बघितलं. जमलं. मग पाटीवर लिहिलं, "दवाखान्यात नेऊ नका. मशीनवर नको. घर." भाईनं ते वाचलं आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढला. कायद्यानं याला मृत्युपत्रासारखा रीतसर कागद लागतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तशी मुभा दिली आणि २०२३ मध्ये ती सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे. आमच्याकडं पाटीचा फोटो होता आणि भाईचा शब्द. शेवटच्या दिवशी नातेवाइकांनी अँब्युलन्स बोलवायचा आग्रह धरला, तेव्हा भाई दारात उभा राहिला आणि तो फोटो एकेकाला दाखवत राहिला.

शेवटचे दोन दिवस अब्बा बहुतेक झोपेत होते. बाईंनी फोनवर सांगितलं, आता नळीतून जबरदस्तीनं भरवू नका, शरीराला ते नको आहे. ओठ ओले ठेवा. अम्मानं कापसाचा बोळा जमजमच्या पाण्यात बुडवून ओठांवर फिरवला. श्वासाला घरघर लागली. ऐकणाऱ्याचा जीव जातो त्या आवाजानं. बाई म्हणाल्या, तो त्रास तुम्हाला होतोय, त्यांना नाही, कुशीवर वळवा. मॉर्फिन थेंबाथेंबानं चालूच होतं, त्यानं धापही कमी होते. भाई उशाशी बसून यासीन पढत होता. फजरच्या थोडं आधी श्वास लांबले आणि थांबले. अम्मा सांगते, बोट उचललं होतं. भाई म्हणतो, त्यानं पाहिलं नाही. मी त्या क्षणी नळीची सुई धुवायला मोरीत गेले होते.

मर्दाला गुसल मर्दच देतात. बायको देऊ शकते, अम्माला इमामसाहेबांनी विचारलंही, पण तिच्यात उभं राहायची ताकद नव्हती. चार महिने जी जखम मी रोज दोनदा धुतली, ती त्या दिवशी दुसऱ्यांच्या हातात गेली. अंगणात चादरी धरलेल्या होत्या. मी चादरीच्या अलीकडून भाईला सांगत राहिले. पाणी कोमट घे. मानेची डावी बाजू चोळू नको, वरून सोड. आधी कापूस भर, मग पट्टी, नाहीतर कफनाला डाग लागेल. पलीकडून चाचांचा आवाज यायचा, "हो गया बेटा. आगे बोल."

कफन शिवायचं नसतं, त्याला टाका नसतो. हाताखालचं पोरगं सकाळपासून कात्री घेऊन आलेलं होतं. कापड त्यानंच फाडलं.

तिसऱ्या दिवशी जियारत झाल्यावर भाईनं उरलेल्या गोळ्या मोजल्या. एकोणीस होत्या. मॉर्फिन घरात ठेवायचं नसतं, रुग्णालयात परत द्यायचं असतं. अम्मा इद्दतीत, मी तिच्याजवळ, म्हणून तो एकटाच गेला. बाईंनी रजिस्टरमध्ये नोंद केली, सही घेतली आणि विचारलं, शेवटी दुखलं का त्यांना?

"नहीं," भाईनं सांगितलं. मग मराठीत पुन्हा सांगितलं, "नाही दुखलं." आणि तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिला.